ठिपका जागचा हलतो का?

पत्र थोडक्यात असं:

"काका, मी निपाणीजवळच्या खेड्यात राहते. चार वर्षं दुसऱ्यांच्या स्टुडिओत एडिटिंग केलं. आईनं विड्या वळून साठवलेले पैसे आणि सोसायटीचं कर्ज, असं मिळून नऊ दिवसांपूर्वी कोल्हापुरातून स्वतःचा नवा एचडी व्हिडिओ कॅमेरा घेतला. लेन्स न बदलता येणारा, हँडीकॅमसारखाच पण मोठा. पहिल्याच लग्नात घोळ झाला. हळदीच्या रात्रीच्या शूटिंगमध्ये तीन पांढरे आणि एक लाल ठिपका दिसतो. कार्यालयात चित्रावर काळसर आडवे पट्टे सरकत राहतात. अक्षतांच्या वेळी अर्धं चित्र पांढरं होतं आणि नंतर चौकोन चौकोन पडतात. नवरीच्या मावशीची इरकल साडी टीव्हीवर रंग बदलत पोहते. दुकानदार म्हणतो, एचडीत असं असतंच. लग्नातला फोटोग्राफर म्हणाला, कॅमेरा डुप्लिकेट आहे. पार्टीनं बाकीचे पैसे अडवून ठेवलेत. पुढचं लग्न येत्या रविवारी आहे. चूक माझी की कॅमेऱ्याची? नाव छापू नका."

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन होतं आणि तुझ्या चार तक्रारींपुढे मी खुणा करत गेलो. चारांतली एक कॅमेऱ्याची असण्याची दाट शक्यता आहे. दुसरी कार्यालयातल्या दिव्यांची आहे, तिसरी फ्लॅशची आणि तांदळाची, चौथी साडीच्या विणीची. दुकानदारानं आणि फोटोग्राफरनं चारही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या, म्हणून दोघांचंही उत्तर चुकलं. ठिपके "असतंच" म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत, आणि बाकीच्या तिन्हींत कॅमेऱ्याला डुप्लिकेट म्हणण्यासारखं काही नाही.

आधी ठिपक्यांचं बघू, कारण त्यात दिवस मोजलेले आहेत. बिल काढ आणि त्याच्या मागची बाजू वाच. माल बदलून देण्याची मुदत तिथे छापलेली असते आणि ती फार मोठी नसते. नऊ दिवस गेलेले आहेत.

चित्रातला दोष कुणाचा हे ओळखायला मी इतकी वर्षं एकच प्रश्न विचारत आलोय: तो जागचा हलतो का? कॅमेरा डावीकडे फिरवलास आणि ठिपका टीव्हीच्या पडद्यावर होता तिथेच राहिला, तर तो कॅमेऱ्याचा. समोरच्या दृश्याबरोबर सरकला, तर तो समोरच्या जगातला. आणि तुझ्या क्लिपऐवजी दुसरं काही लावलं तरी तिथेच राहिला, तर तो टीव्हीचा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दिसतो पण टीव्हीवर दिसत नाही असाही ठिपका असतो. तो त्या स्क्रीनचा. तो तुझ्या शूटिंगमध्ये उतरत नाही, त्याची काळजी सोड.

आज रात्री जेवणं झाल्यावर एवढं कर. कॅमेऱ्याला लेन्सचं झाकण लाव, वरून जाडसर काळं कापड गुंडाळ. मेन्यूत जाऊन सगळं ऑटो बंद कर. शटर १/५० सेकंद, गेन, म्हणजे अंधारात चित्र उजळवायला कॅमेरा जो सिग्नल वाढवतो तो, ० डीबी. डिजिटल झूम बंद. आणि स्टेबिलायझर बंद, हे विसरू नकोस. इलेक्ट्रॉनिक स्टेबिलायझर चित्राची चौकट इकडेतिकडे हलवत असतो, त्यामुळे सेन्सरवरचा, म्हणजे लेन्समागे चित्र टिपणाऱ्या चिपवरचा, पक्का ठिपकासुद्धा चित्रात थरथरल्यासारखा दिसतो आणि माणूस फसतो. मग एक मिनिट रेकॉर्ड कर. गेन ९ वर नेऊन पुन्हा एक मिनिट, १८ वर नेऊन आणखी एक मिनिट. हे झालं थंड कॅमेऱ्याचं. आता तो अर्धा तास चालू ठेव आणि तेच तीन तुकडे पुन्हा घे. सहा क्लिपा झाल्या. घरातला दिवा मालवून त्या मोठ्या टीव्हीवर बघ. ठिपके कुठे आहेत त्यांचा कागदावर नकाशा काढ: वरून एवढं, डावीकडून एवढं. शेवटी झाकण काढून पांढऱ्या भिंतीचं, फोकस मुद्दाम बिघडवून, एक मिनिट घे. उजेडात काळा दिसणारा ठिपका असला तर तो तिथे सापडेल. तो मेलेला पिक्सेल.

तुझे ठिपके मात्र मेलेले नाहीत, ते गळके आहेत. सेन्सरवरचा प्रत्येक कण, म्हणजे पिक्सेल, उजेड पडला की विजेचा भार साठवतो. काही कण अंधारातही आपोआप भार साठवत राहतात, आणि कॅमेऱ्याला वाटतं तिथे उजेड आहे. यालाच हॉट पिक्सेल म्हणतात. नावाप्रमाणे तो तापला की जास्त बोलतो. साधारण ६ ते ८ अंश तापमान वाढलं की ही गळती दुप्पट होते. म्हणून थंड कॅमेऱ्यात न दिसलेला ठिपका अर्ध्या तासानं उगवतो, म्हणून दिवसाच्या शूटिंगमध्ये न दिसलेला हळदीच्या रात्री दिसतो. अंधारात कॅमेऱ्यानं ऑटोमध्ये गेन चढवला आणि गळतीही त्याबरोबर मोठी झाली. दर ६ डीबीला सिग्नल दुप्पट होतो, म्हणजे १८ डीबीला आठपट. लाल ठिपका हा लाल गाळणीखालचा कण आहे. सेन्सरवर दर चार कणांत दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळ्या गाळणीखाली असतो. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. मधले रंग शेजाऱ्यांवरून हिशोबानं भरले जातात, त्यामुळे एका कणाचा दोष शेजाऱ्यांच्या हिशोबातही मिसळतो आणि टीव्हीवर ठिपका कणापेक्षा मोठा दिसतो.

एचडीच्या आधीच्या डीव्ही कॅसेटच्या काळात आम्हाला हे एवढं का छळलं नाही, तर तेव्हा चित्र ७२० बाय ५७६ चं, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० पिक्सेलचं. फुल एचडी १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. बरोबर पाचपट. शिवाय तेव्हा लग्नाची कॅसेट लोक खोक्यासारख्या टीव्हीवर बघायचे, आता भिंतीएवढ्या स्क्रीनसमोर चार हातांवर बसून बघतात. दुकानदाराच्या "असतंच"मध्ये एवढं खरं आहे की वीस लाखांत काही कण गळके निघणारच. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांनीही चांगला कण बिघडतो, खोक्यात ठेवलेल्या कॅमेऱ्यातलासुद्धा. पण म्हणूनच तर कारखान्यात अशा कणांची यादी करून कॅमेऱ्याला शिकवलेलं असतं की यांचं ऐकू नको, शेजाऱ्यांची सरासरी घे. नव्या कॅमेऱ्यात चार ठिपके दिसतात याचा अर्थ ते त्या यादीतून सुटलेत.

ती यादी नव्यानं करता येते. तुझ्या मेन्यूत पिक्सेल मॅपिंग, पिक्सेल रिफ्रेश, ऑटो ब्लॅक बॅलन्स किंवा एपीआर यांपैकी काही आहे का बघ. नाव कंपनीगणिक बदलतं, काम जवळपास तेच. झाकण लावून, बॅटरी पूर्ण भरून तो पर्याय चालव. मग कॅमेरा बंद करून चालू कर आणि सहाच्या सहा क्लिपा पुन्हा घे. ठिपके गेले तर प्रश्न मिटला, कॅमेरा चांगला आहे, नि:शंक मनानं वापर. आधीच्या क्लिपा मात्र पुसू नकोस.

राहिले तर निवाडा असा कर. ० डीबीला, थंड कॅमेऱ्यात, १/५० ला ठिपका दिसत असेल तर तो दोष आहे, कॅमेरा बदलून माग. फक्त १८ डीबीला आणि तापल्यावरच दिसत असेल तर त्यासाठी भांडू नकोस, कुठल्याही सेन्सरला तिथे नेलं तर काही ना काही दिसतं. ९ डीबीला दिसत असेल तर माझं मत विचारशील तर माग. लग्नाचं काम करणाऱ्याला ९ डीबी रोज लागतो. देवकाच्या खोलीत, हळदीच्या रात्री, मांडवाच्या कडेला त्याशिवाय भागत नाही.

माग म्हणजे बदली माग, दुरुस्ती नाही. याचा अनुभव माझा स्वतःचा आहे. २००७ साली मी बेळगावात पहिला एचडी कॅमेरा घेतला. त्यात एक हिरवा ठिपका होता, चित्राच्या मधोमध जरा वर, म्हणजे क्लोजअप घेतला की नवरीच्या कपाळावर. दुकानदार म्हणाला, ठेवून जा, पंधरा दिवसांत करून देतो. मी ठेवून आलो. लग्नसराईत पाच आठवडे कॅमेरा माझ्याकडे नव्हता, दोन ऑर्डरी दुसऱ्यांना द्याव्या लागल्या, आणि परत आला तेव्हा ठिपका तिथेच होता. तोवर बदलून देण्याची मुदत संपलेली. तो कॅमेरा मी सहा वर्षं वापरला आणि सहा वर्षं प्रत्येक लग्नात तो ठिपका हातानं पुसत बसलो. तू तसं होऊ देऊ नकोस. दुकानदार "ठेवून जा" म्हणाला की तिथेच सांग, आधी लेखी द्या: काय दोष, कोणत्या तारखेला आणला, बदलून कधी देणार. बऱ्याचदा ते सर्व्हिस सेंटरचा कागद मागतात. मागितला तर तोही लगेच घे, टाळू नकोस.

तिथे तुला एक गोष्ट दाखवली जाईल. माहितीपुस्तिकेत बहुतेक वेळा एक ओळ असते: ९९.९९ टक्के पिक्सेल काम करतात, काही काळे किंवा चमकते ठिपके दिसले तर तो बिघाड नव्हे. ती ओळ नीट वाचून दाखव. ती कॅमेऱ्याच्या एलसीडी स्क्रीनबद्दल असते, रेकॉर्ड होणाऱ्या चित्राबद्दल नव्हे. पुढेच लिहिलेलं असतं की हे ठिपके रेकॉर्डिंगमध्ये येत नाहीत. तुझे आलेत, आणि तुझ्याकडे क्लिपा आहेत.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला आणखी एक धास्ती असते: दुकान महाराष्ट्रात, आपण कर्नाटकात, मग दाद मागायची कुठे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, तो २०२० च्या जुलैत लागू झाला. त्यात ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कोल्हापूरच्या दुकानाविरुद्ध तू बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतेस. मुदत दोन वर्षांची. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही. तिथे कदाचित असा मुद्दा निघेल की कॅमेरा धंद्यासाठी घेतला, म्हणून ही ग्राहकच नव्हे. हा मुद्दा ऐकून गप्प बसणारी कितीतरी पोरं मी पाहिलीत. कायद्यातच स्पष्टीकरण आहे: स्वतः राबून, स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठीची धरली जात नाही. तुझं तंतोतंत तेच आहे. पण आयोग ही नंतरची गोष्ट. आधी दुकान, मग कंपनी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, तिचा नंबर १९१५. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. फक्त बिल पक्कं हवं, तुझ्या नावाचं, त्यावर कॅमेऱ्याचा सिरियल नंबर असलेलं.

दुकानात जाण्याआधी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचार, कारण तोच प्रश्न तुला समोरून येणार आहे. ठिपके पहिल्या दिवसापासून आहेत, की वरातीनंतर आलेत? वरातीत लेझरचे दिवे होते का? निपाणी-बेळगाव पट्ट्यात आता लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत डीजेबरोबर लेझर येतोच. त्याचा किरण क्षणभर सरळ लेन्समध्ये गेला तरी सेन्सर जळू शकतो. जळलेल्या सेन्सरवर पुंजक्यानं ठिपके येतात, कधी चित्रभर आडवी किंवा उभी रेघ येते, आणि ती मॅपिंगनं जात नाही. तो दोष वॉरंटीत बसत नाही आणि बसवण्याचा प्रयत्नही करू नये. तू लिहितेस ते चार ठिपके विखुरलेले आहेत आणि हळदीच्याच शूटिंगमध्ये दिसलेत, वरात त्याच्या नंतरची, म्हणून मला लेझरचा संशय कमी आहे. पण यापुढे लेझर दिसला की कॅमेरा खाली वळव, झाकण लाव. पार्टी रागावली तरी चालेल. डीजेवाल्याला आधी भेटून सांगितलं तर तो किरण वरच्या वर ठेवतो, बहुतेकजण ऐकतात.

आता झालेल्या लग्नाच्या शूटिंगचं. ते वाया गेलेलं नाही. तू चार वर्षं एडिटिंग केलंस म्हणजे हे तुला जमणारच. टाईमलाईनवर तीच क्लिप वरच्या ट्रॅकवर पुन्हा ठेव, तीच वेळ, तोच फ्रेम. वरची प्रत पाच-सहा पिक्सेल बाजूला सरकव. मग तिला मास्क लावून फक्त ठिपक्याएवढी जागा उघडी ठेव, कड थोडी मऊ कर. ठिपक्यावर शेजारचीच कातडी, शेजारचंच कापड येऊन बसतं. ठिपका जागचा हलत नाही हा इथे तुझा फायदा: चार मास्क एकदा बसवले की हळदीच्या सगळ्या क्लिपांना तेच चालतात, त्यासाठी प्रत्येक फ्रेमला हात लावायला नको. फक्त स्टेबिलायझर चालू ठेवून घेतलेल्या क्लिपांत जरा मोठा मास्क लागेल.

पट्ट्यांकडे येऊ. हे पूर्ण तुझ्या हातात आहे.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. दिवा दर सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो, डोळ्याला ते कळत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळ-ओळ वाचत जातो. शटरचा काळ या शंभराच्या तालात बसला, म्हणजे १/५० किंवा १/१००, तर प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो. १/६० वर ठेवला तर काही ओळींना जास्त, काहींना कमी, आणि त्याचे पट्टे दिसतात. मला वाटतं तुझा कॅमेरा ६० हर्ट्झच्या व्यवस्थेवर असणार, ३० फ्रेम आणि १/६०. मेन्यूत जाऊन तो ५० हर्ट्झवर, म्हणजे पॅलवर आण. २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५०, हे आपल्या भागातलं घरचं माप. मेन्यू बदलल्यावर काही कॅमेरे कार्ड फॉरमॅट करायला सांगतात, तेव्हा आधी जुनं सगळं कॉपी करून घे.

त्यानंतरही कार्यालयात पुसट पट्टे दिसले तर लाईट गेली आहे का ते विचार. जनरेटरवर भार वाढला की त्याची गती थोडी खाली येते, ५० चे ४९ होतात, आणि मग शटरचा ताल पुन्हा चुकतो. पट्टे अगदी सावकाश सरकायला लागतात. स्वस्त एलईडीचे प्रश्न आणखी वेगळे, त्यांना वीज पुरवणारं सर्किट (ड्रायव्हर) साधं असलं की दिवा जवळजवळ विझून पेटत असतो. आणि स्टेजमागची एलईडी भिंत तर स्वतःच्याच तालानं लुकलुकते. तुझ्या कॅमेऱ्यात क्लिअर स्कॅन किंवा सिंक्रो स्कॅन नावाचं शटर असेल तर ते ५० च्या आसपास थोडंथोडं सरकवत जा, कुठल्यातरी आकड्यावर पट्टे थांबतात किंवा दिसेनासे होतात. नसेल तर आपला एक चांगला दिवा जवळ ठेव आणि नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर तोच मुख्य उजेड पडू दे. कार्यालयात मुहूर्ताच्या तासभर आधी पोचणं आणि स्टेजचे सगळे दिवे लावून दोन मिनिटं रेकॉर्ड करून मोठ्या स्क्रीनवर बघणं, हे मी आजही करतो. व्यवस्थापकाला नम्रपणे सांगितलं की एखादी वाईट माळ तो बंदही करतो.

अक्षतांच्या वेळी काय होतं ते तुला समजून घ्यावंसं वाटेल, कारण तो क्षण पुन्हा घेता येत नाही. शुभमंगल म्हणताच फोटोग्राफरचा फ्लॅश उडतो. फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही कमी टिकतो. तेवढ्यात तुझा सेन्सर अर्ध्या ओळी वाचून झालेला असतो. खालच्या न वाचलेल्या ओळींना फ्लॅश या फ्रेममध्ये मिळतो आणि वरच्या ओळींना पुढच्या. म्हणून आधी खालचं अर्धं चित्र पांढरं, मग वरचं. जुन्या सीसीडी सेन्सरच्या कॅमेऱ्यांत सगळा फ्रेम एकदम उजळायचा, तो फ्लॅश आहे हे बघणाऱ्याला कळायचं. कदाचित तुझ्या फोटोग्राफरला तेच आठवत असेल. त्याच्याशी भांडू नकोस, तो त्याचं काम करतो. एडिटिंगमध्ये ते दोन फ्रेम काढ आणि आधीचा फ्रेम ताणून भर, किंवा दोन्ही एकमेकांत मिसळ म्हणजे एक सबंध चमक दिसेल.

चौकोन पडतात ते तांदळामुळे. कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. एक पूर्ण लिहितो आणि पुढच्या कित्येक फ्रेममध्ये काय सरकलं तेवढंच टिपतो. चालणारा माणूस, हलणारा हार, हे त्याला झेपतं. पण शे-दोनशे हातांतून सुटलेल्या अक्षता, प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेनं, त्यात फ्लॅश, एवढं सगळं एकदम बदललं की ठरवून दिलेल्या डेटात ते मावत नाही आणि चित्र चौकोनात तुटतं. गोकाकच्या धबधब्याचं भर पावसाळ्यात शूटिंग केलंस तर हेच दिसेल, पाण्यातही कुठलेच दोन थेंब एका वाटेनं जात नाहीत. यावर उपाय म्हणजे रेकॉर्डिंगचा दर्जा सर्वांत वरचा ठेवणं. कार्ड भरेल म्हणून पुष्कळजण खालचा दर्जा ठेवतात. एव्हीसीएचडी या रेकॉर्डिंगच्या पद्धतीचा सर्वांत वरचा दर्जा सेकंदाला २८ मेगाबिटचा आहे, त्यावरही ६४ जीबीच्या कार्डात सुमारे पाच तास बसतात. म्हणजे देवकापासून पाठवणीपर्यंत दोन कार्डं पुरी.

साडीचं एका वाक्यात: इरकलीची बारीक चौकट किंवा बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरची बारीक रेघ आणि सेन्सरच्या कणांची जाळी एकमेकींवर पडल्या की तिसरीच नक्षी तयार होते, तिला मॉअरे म्हणतात, आणि ती घालवायला दोन पावलं पुढे-मागे हो किंवा झूम जरा बदल. कॅमेऱ्यात डीटेल किंवा शार्पनेस नावाचं जे आहे ते शून्याच्या खाली दोन-तीन घरं आण, चेहरेही मऊ दिसतील.

पार्टीबद्दल. त्यांच्याकडे तशीच जाऊ नकोस, आधी ठिपके पुसलेला आणि फ्लॅशचे फ्रेम काढलेला हळदीचा आणि अक्षतांचा भाग पेनड्राईव्हवर घेऊन जा आणि त्यांच्याच टीव्हीवर लावून दाखव. पट्टे कमी करता येतात पण पूर्ण जाणार नाहीत, तेही आधी तूच सांग. शटरची चूक माझी होती असं सांगायला संकोच करू नकोस. खरं आहे ते. त्याबद्दल चार पैसे सोडावे लागले तर सोड. पण ठिपक्यांबद्दल सोडू नकोस, ते तू दुरुस्त करून दिलेस.

रविवारच्या लग्नाची काळजी करतेस. कोल्हापूरला उद्याच जा. बदली लगेच मिळाली तर नवा कॅमेरा दुकानातच झाकण लावून ९ डीबीवर तपासून घे, लाज बाळगू नकोस. नाही मिळाली तर लेखी घेऊन कॅमेरा तिथे ठेव आणि रविवारसाठी भाड्यानं दुसरा घे. भाड्याच्या कॅमेऱ्याचीही आदल्या रात्री हीच परीक्षा. आणि तुझाच कॅमेरा घेऊन जावं लागलं तर १/५० शटर पक्कं ठेव, गेन ९ च्या वर जाऊ देऊ नकोस, हळदीला दोन दिवे जादा लाव, आणि दोन विधींच्या मधे कॅमेरा बंद करून सावलीत थंड होऊ दे.

उद्या निघताना चार्जर, केबल, झाकण, वॉरंटी कार्ड, मूळ खोका सगळं बरोबर ने. खोक्यावरचा नंबर, बिलावरचा नंबर आणि कॅमेऱ्याच्या पोटाखालचा नंबर, तिन्ही एकच आहेत ना, ते घरातून पाय काढण्याआधी बघ.